समुद्राकडची भिंत

जुलैत, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यात, क्रेफबायची कुत्री रस्त्याच्या मधोमध झोपतात, कारण त्यांना उठवायला कोणी येत नाही. डिसेंबरात जिथे गाडी लावण्यावरून भांडणं होतात, तिथे आता वाळू घरांच्या पायऱ्यांपर्यंत चढलेली असते, आइस्क्रीमच्या दुकानाला फळ्या ठोकलेल्या असतात आणि किनाऱ्यावरच्या बंगल्यांचे पडदे घट्ट ओढलेले असतात. मालक मंडळी तिकडे जोहान्सबर्गला, नाहीतर केपटाउनला. अशा अकरा बंद घरांच्या किल्ल्या सिएना क्लूटीच्या कमरेला होत्या.

समुद्राकाठचं घर हिवाळ्यात नुसतं कुलूप घालून ठेवता येत नाही, ते आतून सडतं. म्हणून सिएना रोज तीन-चार घरं घ्यायची. नळ सोडायचे, संडासात पाणी ओतायचं, गाद्या भिंतीला उभ्या करायच्या, उंदरांच्या लेंड्या झाडायच्या, ऊन पडलंच तर खिडक्या उघडायच्या. संध्याकाळी आज या तर उद्या त्या घरात एक दिवा लावून यायचं, म्हणजे चोरांना वाटावं आत माणसं आहेत. चोर कसले येताहेत, चोरांनाही थंडी वाजते. पण फोनवर 'दिवा लावला' असं ऐकलं की मालकांना बरं वाटायचं. प्रत्येक मालकीणबाई तिला 'आमची सिएना' म्हणायची. बाकीच्या दहाजणींचंही ती बघते हे माहीत असून प्रत्येकीला वाटायचं, ही खास आपलीच.

त्या आठवड्यात हॅडली मॅडमच्या घराचं रंगकाम निघालं होतं. मॅडमनी कुठल्याशा मासिकात करड्या रंगाचं घर पाहिलं आणि त्यांना स्वतःचं पांढरं घर एकदम इस्पितळासारखं दिसायला लागलं. आतल्या गावचा सॉली पीटर्स हा रंगारी त्यांनी फोनवरून ठरवला. कुठली भिंत आधी आणि कुठली मागून, हे मात्र त्यांनी सिएनावर सोपवलं. रेडिओने मंगळवार-बुधवार कोरडे सांगितले होते. सिएनाने हिशेब केला, पावसाचा सगळा मार खाते ती समुद्राकडची उंच त्रिकोणी भिंत, तेव्हा कोरडे दिवस तिलाच द्यावेत. मंगळवारी सॉलीने भिंत खरवडून तिला अस्तराचा पांढरा हात दिला, आणि बुधवारी उजाडल्यावर करडा चढवायला घेतला. आपलं डोकं बरं चालतं, असं सिएनाला त्या वेळी वाटलं होतं. पुढे कितीतरी दिवस ते आठवलं की तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटे.

बुधवारी दुपारी दोनच्या सुमारास डॉक्टरांच्या घराचे नळ सोडून ती होड्यांच्या धक्क्याकडे उतरली. वारा बदलल्याचं तिला गालावर कळत होतं. सकाळचा दक्षिणेचा वारा पडला होता आणि आता वायव्येकडून ओलसर, ढकलणारा वारा सुरू झाला होता. त्या दिवशी समुद्रात एकच होडी होती, अपोल्स तांडेलाची, आणि तिच्यावर सिएनाचा नवरा डेविड होता. बाकीच्या होड्यांचे तांडेल पहाटे आकाशाकडे बघून घरी परत जाऊन झोपले होते. अपोल्स कसला ऐकतोय. आदल्या दिवशी त्याला उत्तरेकडे पक्षी बुड्या मारताना दिसले होते, म्हणजे खाली स्नूक माशांची रास. होडीवर रेडिओ होता, पण तो अपोल्स कायम बंद ठेवी, कारण तोंड उघडलं की मागे वीस होड्या येतात असा त्याचा अनुभव होता. 'चारपर्यंत येतो, कॉफी चुलीवर ठेव,' एवढं बोलून डेविड गेला होता.

धक्क्याच्या भिंतीला टेकून अपोल्सचा बाप इसाक बसला होता, गुडघ्यावर घोंगडी घेऊन. वय ब्याऐंशी. चाळीस वर्षं तांडेलकी केलेला माणूस. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. उजेड कळायचा, पांढरं काही असलं तर तेवढं दिसायचं, बाकी सगळं पाण्यात बुडाल्यासारखं. तरी मुलगा समुद्रात असला की म्हातारा धक्क्यावर हजर.

"कोण, सिएना का? किल्ल्या वाजल्या."

"हो, ऊम इसाक." क्रेफबायमध्ये वडीलधाऱ्या पुरुषाला ऊम म्हणतात, काका म्हणावं तसं. "पाऊस येईल, घरी चला की."

"पोरी, धुकं पडलंय का?"

"नाही हो. अजून लख्ख आहे."

"मग उत्तरेच्या टोकाचं पांढरं कुठे गेलं? बायकोचं तोंड शेवटी दिसेना मला, पण ते दिसायचं. आज सकाळी होतं. जेवून आलो तर नाही."

"हॅडली मॅडमचं घर म्हणताय. त्याला रंग चाललाय. करडा."

म्हाताऱ्याने तोंडातला पाइप काढला आणि तो विझलेला पाइप हातात तसाच धरून ठेवला. सिएनाला वाटलं, त्याला झटकाबिटका आला की काय.

"हे जमिनीवर बोलायचं नसतं," तो म्हणाला. "माझा बाप असता तर त्याने कानाखाली वाजवली असती. पण ऐक. ते घर नवरी आहे."

समुद्रावरच्या खुणांची नावं पुरुषांनी जमिनीवर घ्यायची नाहीत, ही क्रेफबायची रीत. नाव घेतलं की खूण फितूर होते म्हणे. चौदा वर्षांच्या संसारात डेविडने कधी एका खुणेचं नाव तिच्यापाशी काढलं नव्हतं, आणि तिनेही विचारलं नव्हतं. बायका होडीत बसत नाहीत. गाव समुद्रातून कसं दिसतं हे तिथल्या एकाही बाईला माहीत नव्हतं.

इसाकने घाईघाईने, आवाज खाली आणून सांगितलं. किनाऱ्यासमोर पाण्याखाली खडकांची रांग आहे. तिच्यात एकच फट, तिला दार म्हणायचं. उत्तरेकडून पहिली पांढरी त्रिकोणी भिंत ती नवरी, आणि मागच्या टेकडीवरची पाण्याची टाकी ही तिची टोपी. टोपी नवरीच्या डोक्यावर बरोबर बसली की होडी सरळ आत घालायची. दोन हात इकडे नाही, दोन हात तिकडे नाही.

"मग आज त्यांना नवरी दिसायची नाही," सिएना म्हणाली.

"दिसली नाही तर अपोल्स बाहेर थांबेल. हाल होतील, पण थांबेल. त्याची मला भीती नाही. मी त्याला शिकवलंय, उत्तरेकडून पहिली पांढरी भिंत. तू मला सांग, आता उत्तरेकडून पहिली पांढरी भिंत कुठली?"

सिएनाने वळून पाहिलं. हॅडलींचं घर मागच्या ढगात जवळजवळ मिसळून गेलं होतं. मासिकात दिसत असेल छान. त्याच्या दक्षिणेला दोन वर्षांपूर्वी बांधलेलं डॉक्टरांचं घर, तशीच त्रिकोणी भिंत, दुधासारखी पांढरी. मागे टेकडी, टेकडीवर टाकी.

"डॉक्टरांची," ती म्हणाली.

म्हाताऱ्याने काठी उचलली आणि न बघताच समुद्राकडे रोखली. "टोपी तिच्या डोक्यावर ठेवलीस तर तिथे येशील."

काठी रोखली होती तिथे पाणी फुटून पांढरं होत होतं. त्या जागेला मात्र जमिनीवरही नाव होतं, दात. दातांनी तिच्या लहानपणी एकाच दुपारी सहा माणसं घेतली होती. भिंत आधी कुठली, हे तिनेच तर ठरवलं होतं.

"नवरी म्हणजे तू ज्या घरात जन्मलीस तेच ना ते," इसाक म्हणाला. "सरकारने आपल्याला टेकडीमागे हाकललं त्याच्या आधी तुझी आई दर मे महिन्यात त्या भिंतीला चुना द्यायची. आठवतं?"

"पेंटेकॉस्टच्या सणासाठी द्यायची."

"सणासाठी कसला. स्नूक यायच्या आत भिंत पांढरी हवी, म्हणून. आम्ही बायकांना सण सांगायचो. पुढे गोऱ्यांनी घर घेतलं, त्यांनीही आपलं पांढरंच ठेवलं, मग बोलायची वेळच आली नाही."

सिएनाचं डोकं सणकलं. इतकी घाबरलेली असूनही सणकलं. "शिडीवर चढून हाताची कातडी जाईस्तोवर चुना लावायची ती. तिला एवढं सांगितलं असतं, तर काय होड्या बुडाल्या असत्या तुमच्या?"

म्हाताऱ्याने गुडघ्यावरची घोंगडी बाजूला सारली. मग म्हणाला, "जा. आधी खोटीला झाक. मग खरीला कपडे घाल."

टेकडीमागच्या वस्तीत जाऊन माणसं आणायची तर जाऊन-येऊन पाऊण तास. आणून ती तरी काय करणार? त्या लाटांवर दुसरी होडी घालायची म्हणजे आणखी चार बायका धक्क्यावर रडत उभ्या करायच्या. सिएना धावत सुटली. किल्ल्या मांडीवर आपटत होत्या.

सॉली परांचीवर बसून पाव आणि सुका मासा खात होता. पन्नाशीचा, बारीक, बोलका माणूस. जिच्या कमरेला किल्ल्या, तिला तो आँटी म्हणे, मग ती वयाने धाकटी का असेना.

"आँटी सिएना, बघा तरी वर! एक डाग दाखवा, आजची मजुरी सोडतो."

"सॉली, तुझी मोठी ताडपत्री दे. आणि खाली उतर, चल माझ्याबरोबर."

"पावसाला अजून तासभर आहे की."

"चार माणसं मरतील, सॉली. चालता चालता सांगते."

सॉलीला समुद्रातलं काही कळत नव्हतं, पण बाईचं तोंड त्याला कळलं. पाव खिशात कोंबून तो खाली आला. डॉक्टरांच्या पोटमाळ्याला समुद्राकडे एक खिडकी होती. तिथून दोघांनी ती तपकिरी ताडपत्री बाहेर सोडली, वरची टोकं आतल्या तुळईला बांधली, आणि सॉलीने खाली जाऊन उरलेली टोकं व्हरांड्याच्या कठड्याला आवळली. दोन वेळा वाऱ्याने ती फुगवून वर नेली, तिसऱ्यांदा बसली. दोन्ही बाजूंना पांढऱ्या पट्ट्या उरल्या होत्याच. सिएनाने व्हरांड्यावरच्या बाकाची काळी मेणकापडं काढून एका बाजूला अडकवली. दुसरी बाजू तशीच राहिली. तीन वाजून गेले होते.

"आता खरी," ती म्हणाली. "पांढरं कापड पाहिजे. पुष्कळ."

हॅडली मॅडमच्या घरात सगळ्या चादरी निळ्या पट्ट्यांच्या. पण डॉक्टरीणबाईंचं कपाट ती तोंडपाठ ओळखत होती. जाड, पांढऱ्याशुभ्र, परदेशातून आणलेल्या चादरी, मध्ये वाळलेल्या फुलांच्या पुरचुंड्या. त्या धुवायला बाई लाँड्रीत देत नसत. 'सिएनाच्याच हातच्या हव्यात,' म्हणत. सिएना कपाटासमोर उभी राहिली आणि क्षणभर तिचे हात पुढे होईनात. पंधरा वर्षांत तिने कुणाच्या घरातली सुई इकडची तिकडे केली नव्हती. याच कारणाने तर अकरा घरं तिच्याकडे होती. मग तिने दोन्ही हातांनी थप्पीच्या थप्पी ओढली. पुरचुंड्या जमिनीवर सांडल्या.

"आँटी, हे फार महागातलं दिसतंय," सॉली म्हणाला.

"उचल."

पहिली चादर परांचीवर चढून त्यांनी वरच्या फळीला खिळ्यांनी ठोकली. वाऱ्याने ती एका फटक्यात उपटली, छपरावरून नेली आणि टेलिफोनच्या तारांवर टाकली. सॉली बघत राहिला. "गेली," तो म्हणाला. "दोन दिवसांचं माझं काम, त्यावर खिळे ठोकतोय मी. बायको विचारेल काय केलंस, तर सांगेन भिंतीला अंथरूण घातलं."

"ओली करू," सिएना म्हणाली. "ओली जड होते. रंग अजून ओला आहे ना? चिकटेल."

"चिकटेल. मग निघायची नाही जन्मात."

"न निघू दे."

सॉलीचं ब्रश धुवायचं पिंप भरलेलं होतं. त्यात एकेक चादर बुडवायची, वर द्यायची, भिंतीवर थापायची, कडेला पट्टी ठोकायची. हात गारठून लाकूड झाले. दोन थापून झाल्या, तीन, चार. डॉक्टरीणबाईंच्या चादरींच्या पाठीला करडा रंग लागत होता आणि पोट पांढरं राहत होतं. पाचवी लावत असताना पाऊस आला, आडवा, टोचणारा. पावसाने चादरी आणखी चिकटल्या, पण खालच्या टोकांना वारा घुसू लागला. सहावी अर्धी सुटली. सातवी सुटू नये म्हणून सिएनाने तिची दोन टोकं आपल्या मनगटांना गुंडाळली आणि परांचीच्या खांबाला पाठ लावून उभी राहिली. सॉलीने तिच्या कमरेत दोर घालून तिला खांबाशी आवळलं. चादर तिच्यासमोर फडाफडा आपटत होती. तिने मनात डेविडशी भांडण सुरू केलं होतं, मोठ्याने भांडता येत नव्हतं म्हणून. एवढं सांगायला काय झालं होतं रे तुला? एका रात्री उशाशी बोलला असतास तर.

चार वाजले. साडेचार झाले. खाली घराच्या कुंपणापाशी इसाक येऊन उभा राहिला होता. काठीने चाचपत एवढी चढण तो कसा चढला कोण जाणे.

"पांढरं दिसतंय मला," तो ओरडला. "थोडं हलतंय. होडी?"

"नाही, ऊम."

पाऊण तास ती तशी उभी होती. पावसाच्या सरी समुद्रावरून एकामागून एक येत होत्या, मध्ये जरा उजळायचं, परत झाकायचं. अशाच एका उजळलेल्या फटीत तिला होडी दिसली. लाटेवर चढली तेव्हा दिसली, लाट उतरली की नाहीशी झाली. चार माणसं आत आहेत की तीन, हे तिला एवढ्या लांबून कळेना.

"आली," ती म्हणाली. वाऱ्यात ते खाली पोचलं नाही. परत ओरडून म्हणाली, "ऊम, आली!"

"तोंड कुठे आहे तिचं?"

तोंड दक्षिणेला होतं. होडी नवरीसमोरून पुढे जात होती. सिएनाने डॉक्टरांच्या घराकडे मान वळवली. ताडपत्रीचं एक टोक सुटलं होतं आणि अर्धी भिंत पांढरीफेक उघडी पडली होती.

"सॉली! ताडपत्री!"

सॉली उडी मारून पळाला. पण धावत गेलं तरी तो पोटमाळ्यावर पोचेपर्यंत होडी दातांवर पोचणार होती. सिएनाला ओरडावंसं वाटत होतं, आणि ओरडून उपयोग नाही हेही कळत होतं. तिने हात वर केले. मनगटांना बांधलेली चादर डोक्यावर गेली. तिने हात खाली आणले, परत वर नेले. चादर वाऱ्याने भरली आणि तिला परांचीवरून उचलू लागली. कमरेत दोर होता म्हणून ती राहिली. वर, खाली. वर, खाली. खांदे उखडतील असं वाटत होतं. परमेश्वराला ती काहीबाही कबूल करत होती, नंतर त्यातलं तिला एकही आठवलं नाही.

होडी थांबली. लाटांवर जागच्या जागी वरखाली होत राहिली, जाऊ की नको अशी.

"काय करतोय माझा मुलगा?" इसाक खालून विचारत होता. "बोल पोरी, काय करतोय?"

"थांबलाय."

"किती वेळ?"

"थांबलाय अजून."

मग होडीचं तोंड हळूहळू उत्तरेला वळलं. तिने दोन लाटा जाऊ दिल्या, तिसरीच्या पाठीवर बसली आणि सरळ सिएनाच्या दिशेने यायला लागली, इतकी सरळ की तिला डेविडची पिवळी टोपी दिसली. दोन्ही बाजूंना पाणी फुटत होतं, मधला पट्टा काळा होता. त्या काळ्या पट्ट्यातून होडी आत आली.

सिएना खाली बसली. सॉलीने येऊन तिच्या मनगटांच्या गाठी कापल्या, कारण त्या सुटत नव्हत्या.

इसाकला हाताला धरून ती धक्क्यावर पोचली तेव्हा चौघे होडी ओढून वर घेत होते. होडीत स्नूक भरपूर होते, कोणी त्यांच्याकडे बघत नव्हतं. अपोल्स, पंचावन्नचा दांडगा माणूस, दोर टाकून बापासमोर येऊन उभा राहिला. बापाने त्याच्या तोंडावरून हात फिरवला, नाक, हनुवटी, सगळं जागेवर आहे का बघितल्यासारखा.

"आम्ही वळलो होतो तिकडे," अपोल्स म्हणाला. "टोपी बसवली होती डोक्यावर. मी डेविडला म्हटलं, नवरी आज जाडी झालीय. मनाला पटत नव्हतं, पण दुसरी दिसेना. मग हा म्हणाला, तिकडे भिंत हात हलवतेय."

"घर कधी हात हलवतं का?" डेविड म्हणाला. "म्हटलं, ते माणूस आहे. माणूस बोलावतंय तिकडे जाऊ." त्याने बायकोची मनगटं उचलून पाहिली. कातडी सोलून निघाली होती. "तू होतीस?"

"मीच रंग लावायला सांगितला," सिएना म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "मी सांगितलं, समुद्राकडची आधी. मला काय माहीत? मला कोणी सांगितलं होतं?"

डेविडने आपला ओला कोट काढून तिच्या अंगावर घातला. तो तिच्या झग्यापेक्षाही ओला होता.

"उद्या वारा आहे, पण दुपारपर्यंत पडेल," अपोल्स थोड्या वेळाने म्हणाला. "परवा पहाटे पाचला सगळ्या होड्या निघतील. माशांची रास अजून तिथेच आहे." बोलता बोलता त्याने वर बघितलं. भिंतीवरच्या चादरी एकेक करून सुटायला लागल्या होत्या आणि खालचा करडा रंग दिसत होता.

सिएना डोळे पुसून परत वर गेली. हॅडली मॅडमच्या घरात शिरून तिने दिवाणखान्यातला टेलिफोन समोर ओढला. मालकांचा फोन आला तर घ्यायचा, आपण होऊन लावायचा नाही, असा सगळ्याच घरांचा नियम होता. तिने नंबर फिरवला. दोनदा चुकला.

"सिएना?" मॅडमचा आवाज आला. "काय झालं? चोरी झाली का?"

"नाही, मॅडम. समुद्राकडच्या भिंतीला उद्या पांढरा रंग देणार आहे, ते सांगायला फोन केला."

"पांढरा? अगं, मी करडा म्हटलं होतं."

सिएनाने सांगितलं. नवरीचं नाव घेतलं नाही, पण बाकी सगळं सांगितलं, होडी, दात, डॉक्टरीणबाईंच्या चादरीसुद्धा. मॅडमनी मधे तोंड घातलं नाही. वाईट बाई नव्हत्या त्या.

"तुझा नवरा सुखरूप आला, देवाची कृपा," त्या शेवटी म्हणाल्या. "खरंच बरं वाटलं. पण सिएना, होड्यांसाठी काहीतरी दुसरं करता येईल ना? खांब उभारा, दिवा लावा. मी नगरपालिकेला पत्र लिहीन, उन्हाळ्यात आले की बोलेन. माझ्या भिंतीचा रंग गावाने ठरवायचा हे काही बरोबर नाही. घर माझं आहे."

पंधरा वर्षांत या बाईंना तिने 'हो मॅडम' सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं.

"हो मॅडम," ती म्हणाली. "जमिनीवरून तुमचंच आहे."

"मग किल्ली तू एजंटच्या ऑफिसात नेऊन दे," मॅडम थंड आवाजात म्हणाल्या. "उद्याच दे."

एक किल्ली गेली की बाकीच्या दहा जायला आठवडा लागणार नाही, हे सिएनाला स्वच्छ दिसत होतं. मालकीणबाया एकमेकींशी फोनवर बोलतात. तिला भीती वाटत होती, मघाशी परांचीवर वाटली त्याहून निराळी, लांबवर जाणारी भीती. डेविडच्या माशांवर वर्षातले चार महिने भागतं. बाकीचे आठ या किल्ल्यांवर.

"परवा देते, मॅडम," ती म्हणाली. "उद्या मला ती लागणार आहे."

तिने फोन ठेवला. बाहेर सॉली पावसात आपले ब्रश गोळा करत होता. अस्तराचा पांढरा रंग किती उरलाय आणि पावसात तो कसा धरेल, हे त्याला विचारायला ती बाहेर गेली.